सरपंचाला पाच वर्षे, संचालकाला दहा, मग आमदाराला किती?

प्रति,
महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषद यांचे सर्व सन्माननीय सदस्य,
विधान भवन, मुंबई.

विषय : लोकप्रतिनिधींच्या सलग मुदतींना मर्यादा घालण्याबाबत.

महोदय आणि महोदया,

मी सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातील एका लहान गावची माजी सरपंच आहे. २०१२ साली आमच्या ग्रामपंचायतीचे सरपंचपद स्त्रियांसाठी राखीव झाले नसते, तर गावाच्या बैठकीत माझे नाव कुणी उच्चारलेही नसते. आणि २०१७ साली तेच आरक्षण फिरून दुसऱ्या प्रवर्गाकडे गेले नसते, तर मी कदाचित आणखी पाच वर्षे त्या खुर्चीवर राहिले असते. दुसऱ्या कुणाला जागा सोडावी लागली म्हणून मला संधी मिळाली आणि मला जागा सोडावी लागली म्हणून दुसऱ्या कुणाला मिळाली, हे दोन्ही मी अनुभवले आहे. त्या अनुभवाच्या आधारावर एक प्रश्न आपल्यापुढे ठेवते आहे, आणि तो बंद पाकिटातून न पाठवता उघडपणे ठेवते आहे, कारण त्याचे उत्तर ऐकण्याचा हक्क मतदारांनाही आहे. एकाच माणसाने एकाच मतदारसंघातून सलग किती वेळा निवडून यावे, याला काही सीमा असावी की नसावी?

पत्राला निमित्त झाले ते बँकिंग कायद्यातल्या दुरुस्तीचे. १ ऑगस्ट २०२५ पासून सहकारी बँकेच्या संचालकाला, अध्यक्ष आणि पूर्णवेळ संचालक वगळता, सलग आठ वर्षांऐवजी दहा वर्षे पदावर राहण्याची मुभा मिळाली. सातारा-सांगलीत सहकारी बँक म्हणजे काय हे आपल्याला सांगायला नको. पीककर्ज तिथून, मुलीच्या लग्नाची ठेव तिथे, निवृत्त शिक्षकाचे पैसे तिथे. आठाची दहा वर्षे करावीत की करू नयेत यावर वडूजच्या बाजारात आणि आमच्या पारावर बरेच दिवस बोलणे चालले होते, आणि दोन्ही बाजूंच्या बोलण्यात तथ्य होते. मला मात्र त्यात वेगळीच गोष्ट दिसली. लोकांचा पैसा सांभाळणाऱ्याने अमर्याद काळ एका जागेवर राहू नये, हे तत्त्व संसदेने कायद्यात लिहिले आहे. वाद आहे तो फक्त आठ की दहा एवढाच. कंपनी कायद्यानेही स्वतंत्र संचालकाला पाच-पाच वर्षांच्या सलग दोन मुदतींपुढे थांबायला सांगितले आहे. मग ज्या सभागृहात राज्याचा अख्खा अर्थसंकल्प मंजूर होतो, तिथल्या सदस्याला हे तत्त्व लागू आहे की नाही, याची साधी चर्चासुद्धा आपल्या विषयपत्रिकेवर का येत नाही?

माझी पहिली तक्रार हीच आहे की आपल्या राज्यात पात्रतेचे नियम वरून खाली येतात आणि खालीच राहतात. सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य जन्मले असेल तर माणसाला ग्रामपंचायतीची निवडणूक लढवता येत नाही. थेट निवडून यायच्या सरपंचाचा जन्म १९९५ किंवा त्यानंतरचा असेल तर तो सातवी उत्तीर्ण असावा लागतो. घरात शौचालय आहे आणि ते वापरात आहे, हेही आम्हाला सिद्ध करावे लागते. या नियमांना माझा विरोध नाही, शौचालयाच्या नियमाचा तर गावातल्या बायकांना फायदाच झाला. पण यांपैकी एकही अट आमदारकीला नाही. आमदारांची पात्रता ठरवण्याचा अधिकार राज्याकडे नसून संसदेकडे आहे, हे मला ठाऊक आहे. तरीसुद्धा जी शिस्त आपण आमच्यासाठी आवश्यक मानली, ती स्वतःसाठी मागणारा ठराव करून दिल्लीला पाठवण्यापासून आपल्याला कुणी अडवलेले नाही.

दुसरी तक्रार अधिक खोलवरची आहे. मुदतींवर मर्यादा नको म्हणणारे नेहमी सांगतात की दर पाच वर्षांनी मतदार आहेतच, नको असेल त्याला ते पाडतील. हे खोटे नाही. २०२४ च्या निवडणुकीत कराड उत्तर आणि कराड दक्षिण या शेजारच्या दोन्ही मतदारसंघांत विद्यमान आमदार पराभूत झाले, आणि मतदार मनावर घेतात तेव्हा काय होते हे साऱ्या जिल्ह्याने पाहिले. पण ज्या गावात उसाच्या तोडीची टोळी कधी येणार, दूध संकलन केंद्र कुणाच्या दारात राहणार, पतसंस्थेचे कर्ज कुणाला मंजूर होणार आणि संस्थेच्या शाळेत कुणाचा मुलगा शिपाई म्हणून लागणार, या सगळ्या गोष्टी एकाच वाड्यावर ठरतात, तिथे मतदान गुप्त असले तरी माणूस मोकळा नसतो. केंद्रावर दोनशे मते असतात आणि त्यातली शंभर फुटली तर ती कोणत्या आळीतली, हे संध्याकाळपर्यंत सांगणारे लोक प्रत्येक गावात आहेत. आपल्या फडाला फेब्रुवारी संपेपर्यंत तोड मिळाली नाही आणि उसाला तुरे आले, तर कारण काय हे शेतकरी विचारत नाही. तो समजून घेतो. मी कुणाचे नाव घेत नाही, कारण हे एका घराण्याचे किंवा एका पक्षाचे नाही. सहकार ज्यांनी उभा केला त्यांचे उपकार हा भाग विसरणार नाही. पण संस्था आणि आमदारकी ही दोन्ही वीस-पंचवीस वर्षे एकाच हातात राहिली की विरोधात उभे राहायला माणूसच तयार होत नाही, आणि पर्यायच नसेल तर मतदाराने पाडायचे कुणाला आणि निवडायचे कुणाला?

तिसरी गोष्ट माझ्यासारख्या बाईला जास्त लागते. यशवंतराव चव्हाणांच्या काळात १९६१ चा जिल्हा परिषद कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून ही व्यवस्था सुरू झाली, तेव्हा गावातून तालुक्याला, तालुक्यातून जिल्ह्याला आणि तिथून विधानसभेत जाणारी नवी माणसे घडतील, अशी अपेक्षा होती. ती काही काळ खरीही ठरली, तासगावचे आर. आर. पाटील जिल्हा परिषदेतूनच पुढे गेले आणि राज्याचे उपमुख्यमंत्री झाले. १९९३ पासून स्त्रियांना स्थानिक संस्थांत राखीव जागा आहेत, २०११ पासून तर निम्म्या. तीस वर्षांत आमच्या भागात हजारो बायका पंच झाल्या, सरपंच झाल्या, सभापती झाल्या. आणि २०२४ मध्ये सातारा आणि सांगली या दोन जिल्ह्यांतल्या विधानसभेच्या सोळा जागांवर एकही स्त्री निवडून आलेली नाही. मधल्या काळात सभापती झालेल्या एका मैत्रिणीने उमेदवारीसाठी एका पक्षाच्या कार्यालयात अर्ज दिला, तेव्हा तिला आदराने चहा पाजून सांगण्यात आले की ताई, काम चांगले आहे, पण जागा रिकामी नाही. ती जागा त्याआधी वीस वर्षे रिकामी झाली नव्हती. त्यात भर म्हणून २०२२ च्या मार्चपासून साडेतीन वर्षांहून अधिक काळ निवडणूक न झाल्याने आमच्या जिल्हा परिषदेवर प्रशासक होता. म्हणजे वरची पायरी अडलेली आणि खालची काढून घेतलेली.

एवढे लिहून मी थांबले असते तर हे पत्र एकतर्फी झाले असते. मर्यादेच्या विरोधातला युक्तिवाद मी स्वतः पाच वर्षे जगले आहे, म्हणून तोही पूर्ण मांडते.

सरपंच झाले तेव्हा नमुना आठ म्हणजे गावातल्या घरांच्या कर आकारणीची नोंदवही, हेही मला माहीत नव्हते. पहिले वर्ष मासिक सभेत माझ्या शेजारी दीर बसत आणि ग्रामसेवक त्यांच्याकडे बघून बोलत. प्रस्ताव, तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, निविदा, मोजमाप पुस्तिका, हा सगळा क्रम अंगवळणी पडायला अडीच वर्षे गेली. नळपाणी योजनेचा प्रस्ताव २०१५ मध्ये सादर केला आणि त्याला मंजुरी येईतो माझी मुदत संपत आली होती. साताऱ्याला घातलेले तीस-चाळीस हेलपाटे, कोणत्या टेबलावर कागद अडतो आणि का अडतो याचे ज्ञान, हे सगळे माझ्याबरोबर घरी आले. माझ्या जागी आलेल्या सरपंचांना ते पहिल्यापासून शिकावे लागले. आणि जो नवखा असतो तो अधिकाऱ्यावर अवलंबून असतो, हे मी माझ्यावरूनच सांगते. आमदार सतत नवे येत राहिले तर सचिवालयातले अधिकारी, ठेकेदार आणि दलाल हेच जुने उरतील, ही भीती म्हणूनच मला पोकळ वाटत नाही.

पाण्याचेच बघा. जिहे-कठापूर योजनेला नव्वदच्या दशकात मंजुरी मिळाली आणि कृष्णेचे पाणी आमच्या दुष्काळी पट्ट्यात यायला दोन दशकांहून अधिक काळ लागला. सांगली जिल्ह्याला पाणी देणाऱ्या टेंभू आणि म्हैसाळ योजनांची कहाणी याहून वेगळी नाही. बच्छावत लवादाने कृष्णेच्या पाणीवाटपाबाबत १९७६ साली दिलेला निवाडा, उपसा योजनेच्या वीजबिलाचा तिढा, कोणत्या टप्प्याचे पंपगृह का रखडले, हे एका मुदतीत कळणारे विषय नाहीत. शेजारच्या सांगोल्यातून गणपतराव देशमुख अकरा वेळा विधानसभेवर निवडून गेले. १९६२ मध्ये पहिल्यांदा आणि २०१४ मध्ये शेवटच्या वेळी. दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी सभागृहात उभा राहणारा, साधेपणाने जगणारा, एकाच पक्षाशी आयुष्यभर एकनिष्ठ राहिलेला तो माणूस माझ्या मागणीप्रमाणे मधूनमधून सभागृहाबाहेर बसला असता. हे मी लपवून ठेवू शकत नाही, आणि लिहिताना या ठिकाणी मी खूप वेळ थांबले.

पण मग दोन गोष्टी आठवल्या. १९७२ आणि १९९५ मध्ये सांगोल्याच्या मतदारांनीच त्यांना घरी बसवले होते. दोन्ही वेळा ते परत आले, आणि मधल्या काळात त्यांचे काम थांबले नव्हते. दुसरे असे की आमच्या तेरा दुष्काळी तालुक्यांच्या पाण्यासाठी आटपाडीत नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने ज्या पाणी परिषदा भरत, तिथे शेतकरी लवादाचे आकडे तोंडपाठ सांगत. त्यांतला जवळजवळ कुणीच आमदार नव्हता. ज्ञान टिकवायला खुर्ची मदत करते, पण ज्ञान खुर्चीतच राहते असे नाही.

माझ्या गावातली पुढची हकिकतही सांगायला हवी. माझ्यानंतर आलेल्या सरपंच गावाबाहेरच्या उंचावरच्या वस्तीतल्या होत्या. त्यांनी मी मंजूर करून आणलेल्या योजनेची आखणी बदलायला लावली आणि त्यात काही महिने गेले. मला राग आला. माझ्या कामात खोडा घातला असे मी चारचौघांत बोललेही. नंतर टाकीत पाणी आले तेव्हा कळले की माझ्या आखणीत त्या वस्तीतल्या शेवटच्या घरांपर्यंत पाणी दाबाने चढलेच नसते. पाच वर्षे मी त्या वस्तीवरून गेले होते, तिथली मते घेतली होती, आणि तरी मला ते दिसले नव्हते, कारण तिथून घागर भरून आणणारी मी नव्हते. मुदतीची मर्यादा मला पटली आहे ती या एका नळामुळे.

जगाचा अनुभव काय सांगतो तेही थोडक्यात मांडते. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९० मध्ये कनिष्ठ सभागृहाच्या सदस्याला जन्मभरात फक्त सहा वर्षे दिली. काम समजेपर्यंत मुदत संपू लागली, आणि २०१२ मध्ये लोकांनीच मतदान करून दोन्ही सभागृहे मिळून बारा वर्षांची मर्यादा स्वीकारली. मिशिगन राज्यानेही २०२२ मध्ये तसाच बदल केला. मेक्सिकोत १९३३ पासून लोकप्रतिनिधीला लागोपाठ दुसरी मुदतच मिळत नसे. परिणाम असा झाला की पुढचे पद मतदारांच्या नव्हे तर पक्षाच्या हातात असल्याने सदस्य पक्षनेत्याकडे बघून वागू लागले. २०१४ मध्ये त्यांनी ती बंदी सैल केली आणि २०२५ मध्ये पुन्हा आणायचे ठरवले, म्हणजे हा प्रश्न त्यांनाही सुटलेला नाही. फिलिपाइन्सचा धडा आपल्याला सर्वांत जवळचा आहे. तिथल्या १९८७ च्या घटनेने प्रतिनिधीला सलग तीन मुदतींवर थांबवले, तेव्हा चौथ्या वेळी पत्नी, मुलगा किंवा भाऊ उभा राहू लागला. राजकीय घराण्यांना कायद्याने आळा घालावा असे त्याच घटनेत लिहिले आहे, पण तो कायदा करायचा त्या सभागृहात त्याच घराण्यांची माणसे बसतात, आणि कायदा झालेला नाही.

हे सारे लक्षात घेऊन मी जन्मभराची बंदी मागत नाही, आणि दोन मुदतींचा आग्रहही धरत नाही, जरी बँकेच्या संचालकाइतकीच दहा वर्षे द्यावीत हे बोलायला सोपे आहे. आमच्या पाणी योजनांचा वेग पाहता दहा वर्षे अपुरी पडतात. माझ्या मागण्या अशा आहेत.

एकाच मतदारसंघातून सलग तीन मुदती, म्हणजे पंधरा वर्षे पूर्ण झाल्यावर सदस्याने एक पूर्ण मुदत बाहेर राहावे, आणि त्यानंतर मतदारांना हवा असेल तर पुन्हा उभे राहावे. त्या मधल्या मुदतीत विधान परिषदेचे दारही बंद असावे, नाहीतर विश्रांती केवळ कागदावर राहील. राज्यघटनेच्या अनुच्छेद १७३ आणि १९१ नुसार आमदारांच्या पात्रता-अपात्रतेच्या अटी घालणे संसदेच्या हातात आहे. त्यासाठी साधा कायदा पुरेल की घटनादुरुस्ती लागेल ते कायदेपंडितांनी ठरवावे. आपण करायचे आहे ते एवढेच की अशी विनंती करणारा ठराव विधिमंडळात मांडावा, त्यावर पूर्ण दिवस चर्चा करावी आणि कोण बाजूने बोलले, कोण विरोधात, हे लोकांना कळू द्यावे. पक्षाला अडचणीचे वाटत असेल तर कुणा एका सदस्याने अशासकीय ठराव म्हणून तो आणावा. ठराव फेटाळला गेला तरी चालेल. चर्चा झाली पाहिजे.

दुसरी मागणी पक्षांसाठी आहे. आमदार बाहेर बसेल त्या मुदतीत त्याच घरातल्या माणसाला त्याच मतदारसंघात उमेदवारी देऊ नये. हे कायद्याने करता येईल असे मला वाटत नाही, कारण कुणाची पत्नी किंवा कुणाचा मुलगा आहे एवढ्यावरून नागरिकाचा निवडणूक लढवण्याचा हक्क काढून घेणे मलाही पटत नाही. मी स्वतः कुणाची तरी सून म्हणूनच बैठकीत गेले होते. पण उमेदवारी देणे न देणे हा पक्षाचा निर्णय असतो आणि हा नियम पक्ष स्वतःच्या घटनेत लिहू शकतो. ही मागणी मान्य झाली नाही तर पहिलीचा अर्थ फारसा उरत नाही, हे फिलिपाइन्सकडे पाहून म्हणते.

तिसरी मागणी पूर्णपणे आपल्या अधिकारातली आहे. सरपंचपदाचे आणि जिल्हा परिषद गटांचे आरक्षण दर निवडणुकीला न फिरवता दोन मुदतींनी फिरवावे, म्हणजे काम शिकलेल्या बाईला ते पूर्ण करण्यासाठी निदान एकदा मतदारांसमोर पुन्हा उभे राहता येईल. यासाठी घटनेतल्या आणि न्यायालयांच्या ज्या अटी आहेत त्या तपासून कायदा दुरुस्त करावा. आणि स्थानिक संस्थांच्या निवडणुका पुन्हा कधीही वर्षानुवर्षे लांबणार नाहीत, याची हमी द्यावी.

यातली कोणती मागणी मान्य आहे, कोणती नाही आणि का नाही, हे आपापल्या मतदारांना लेखी कळवावे, अशी माझी विनंती आहे. विरोध असेल तर तोही कारणांसह ऐकायची माझी तयारी आहे. गणपतरावांचे उदाहरण मी स्वतःच आपल्या हातात दिले आहे. १ मेच्या ग्रामसभेत मी हे पत्र वाचून दाखवणार आहे. आपल्यापैकी ज्यांची उत्तरे तोपर्यंत येतील, ती त्याच सभेत, जशीच्या तशी वाचेन.

आपली नम्र,
एक माजी सरपंच,
तालुका खटाव, जिल्हा सातारा.